लंगोटाचे फर्मे जाळू नयेत

मी, श्यामसुंदर रंगनाथ पोरे, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा शिवणकाम, शिक्षण सातवी पास, राहणार सदाशिव पेठ, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर राहून लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी बरोबर सांगितला आणि खात्रीसाठी त्यांच्या कॅलेंडरकडे पाहिले, तरी त्यांनी दाखला दिला. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. काळजी आहे, पण ती लहानपणापासून आहे, तिचा या कागदाशी संबंध नाही.

१. तीन वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र या कागदाने रद्द समजावे. त्यात मी लिहिले होते की दुकानातले लंगोटाचे सर्व फर्मे, म्हणजे कापड बेतण्याचे पुठ्ठ्याचे नमुने, माझ्या देहाबरोबर जाळावेत. तेव्हा तालमीतली गिऱ्हाइके संपत आली होती आणि घरात कोणाला ते नको होते. रद्दीत जाण्यापेक्षा माझ्याबरोबर गेलेले बरे, असे वाटले. विद्युतदाहिनीत पुठ्ठा चालतो का, याचीही चौकशी करून ठेवली होती. ते कलम रद्द. एकदा लिहून माझे समाधान होत नाही म्हणून पुन्हा लिहितो : फर्मे जाळू नयेत.

२. सदाशिव पेठेतील दोन खोल्यांची राहती सदनिका आणि बँकेत जे काही असेल ते माझी पत्नी सौ. मंदाकिनी हिला द्यावे. तिच्यानंतर सदनिका मुलगा केदार याला मिळावी. मी बाहेर पडताना गॅसचे बटण तीनदा तपासतो. ते काम पुढे कोणी करायचे, हेही येथे लिहिणार होतो. मंदाकिनी म्हणाली, "अहो, एकोणपन्नास वर्षं ते मीच बंद करते. तुम्ही नुसते बघता." तेव्हा त्याची व्यवस्था झालेली आहे.

३. दुकानाचा गाळा माझ्या मालकीचा आहे. तो, पायमशीन, दोन्ही कात्र्या आणि सर्व फर्मे मी माझी सून सौ. नम्रता केदार पोरे हिला देत आहे. मुलगा असताना सुनेला का, असे नातेवाईक विचारतील, म्हणून कारण लिहून ठेवतो.

केदार वारज्याहून हिंजवडीला नोकरीला जातो. दिवसभर खुर्ची, वर जाता-येता कंपनीच्या बसमध्ये तीन-चार तास. चड्डीच्या इलॅस्टिकने कंबरेभोवती कातडी सोलून निघाली. चामडीच्या डॉक्टरांनी सैल सुती घाला म्हणून सांगितले. नम्रता एकटीच दुकानात आली आणि म्हणाली, "बाबा, यांना लंगोट शिवून द्या. रोज घालायचा, मऊ कापडाचा." मी म्हटले, तो घालणार नाही. ती म्हणाली, "ते माझ्यावर सोडा."

केदार पहिल्यांदा "मी काय आखाड्यात उतरणार आहे का?" म्हणाला. मग गुपचूप घालू लागला. त्याच्या बसचा चालक उत्तरेश्वर याने त्याच्याकडून ऐकून दोन मागवले. त्याच्याकडून इतर चालकांनी, त्यांच्याकडून कंपनीतल्या मुलांनी. नम्रता दुकानात मदतीला येऊ लागली आणि आम्ही दोघांनी चाळीस शिवले. त्यातले एकतीस परत आले.

मी आठ दिवस जेवलो नाही, म्हणजे नीट जेवलो नाही. धुतलेले लंगोट परत घेताना मी प्रत्येकाचे टाके तपासले. उत्तरेश्वर स्वतः दुकानात आला. तो म्हणाला, "काका, उभं ऱ्हायलं की झकास हाय. बसलं की गाठ मणक्यात घुसती." मी त्याला सांगितले की गाठ मागेच असते, पन्नास वर्षे मागेच आहे, कोणी पैलवान बोलला नाही. नम्रता कोपऱ्यात बंद शिवत होती. मान वर न करता तिने विचारले, "बाबा, तालमीत खुर्ची असते का?"

मी आयुष्यभर माणसे उभी करून मापली. पाय फाकवून उभे राहा, एक बैठक मारा, झाले माप. बसलेल्या माणसाचे माप मी कधी घेतलेच नव्हते. नम्रताने त्याच दिवशी उत्तरेश्वरला स्टुलावर बसवले आणि टेप माझ्या हातात दिली. आम्ही पट्टा आखूड केला, बंद लांबवले आणि गाठ पुढे डाव्या कुशीवर आणली. एकतीसच्या एकतीस उसवून पुन्हा शिवले. त्यानंतर एकही परत आलेला नाही. मी रोज विचारतो.

४. बायकांसाठी नम्रताने जो बांधायचा प्रकार काढला आहे, त्याचे फर्मे निळ्या पुठ्ठ्याचे आहेत. ते मी देत नाही, कारण ते माझे नाहीत. ते तिने बेतले, मापे तिने घेतली. मी फक्त काजांचे टाके तपासले. चांगले होते.

५. समोरचे होजिअरीवाले दत्तप्रसाद यांनी तीस वर्षे मला रोज शटर उघडताना विचारले, "काय पोरे, आज कोणाची कुस्ती?" त्यांना एक लंगोट द्यावा, कंबर बेचाळीस, अंदाजाने. सोबत बांधण्याची कृती लिहून द्यावी. विचारायला ते येणार नाहीत. वकील म्हणाले, ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नये. म्हणून त्यांची सही घेतलेली नाही. त्यावरून ते रुसले आहेत. कारण त्यांना नंतर कळेल.

६. केदारला शाळेत मुले 'लंगोट्या' म्हणत. त्याने कधी मित्राला दुकानावर आणले नाही. आमच्या घरी लंगोट नेहमी पंचाखाली झाकून वाळत. मागच्या महिन्यात मी वारज्याला गेलो, तर पाचव्या मजल्यावर बाल्कनीत तीन लंगोट उघड्यावर, चिमटे लावून. मी खालूनच पाहिले. वर जाऊन म्हटले, "अरे, लोकांना दिसतंय." तो म्हणाला, "दिसू द्या की. खालच्या मजल्यावरच्यांनी कालच ऑर्डर दिली." मग म्हणाला, "दुकान नम्रताच्या नावावर करा, बाबा. तिला त्यातलं कळतं. मला फक्त घालता येतं." हे त्याचे शब्द आहेत, नातेवाइकांनी त्यालाच विचारावे. त्या दिवशी मी वारज्याहून परत येताना बसमध्ये झोपलो. मी बसमध्ये कधी झोपत नाही.

७. शेवटचे. मी नम्रताला सहा महिने बजावले की मूळ फर्म्याला कात्री लावायची नाही, तो माझ्या वडिलांचा आहे. गाठ पुढे आणली तीसुद्धा मी नव्या पुठ्ठ्यावर आखायला लावली. आता खरे लिहितो. वडील कै. रंगनाथ यांच्या फर्म्याचा पट्टा मी सव्वीस वर्षांचा असताना तीन बोटे कापला, कारण पैलवानांना तो लोंबत होता. वडिलांना सांगितले नाही. ते शेवटपर्यंत गिऱ्हाइकांना म्हणत राहिले की हे माझेच बेत, पोराने सुतभर बदलले नाहीत, आणि मी शेजारी बसून काज करत राही. नम्रताने हवे तेथे कात्री लावावी. मी जिवंत असलो तरी लावावी, आणि मला सांगून लावावी.

वरील मजकूर मी मोठ्याने वाचून पाहिला. खाडाखोड नाही. खालील दोघांनी मला सही करताना समोर बसून पाहिले व मग माझ्यासमोर आपापल्या सह्या केल्या.

सही : श्यामसुंदर रंगनाथ पोरे

साक्षीदार :
१. डॉ. दिग्विजय कानिटकर, सदाशिव पेठ
२. उत्तरेश्वर माने, बसचालक, वारजे

ठिकाण : पुणे
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार