दोघांचं बोलणं, तिसरीचा कान

३ ऑक्टो. ७८, मंगळ.
टेलिफोन एक्स्चेंजवर ड्युटी ७ ते २. घेवड्याचा हंगाम, त्यामुळे कोरेगावातले सगळे व्यापारी एकाच वेळी फोनवर. सांगलीची लाइन दोनदा गेली. दोन्ही वेळा दोष माझाच, जणू मीच वायर चावून तोडली.

संध्याकाळी शालनवहिनींच्या परसात हादगा. सातवा दिवस, सात गाणी. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून पाय दुखले. खिरापती ओळखून झाल्या आणि बायका मागे लागल्या, "कुसुम, फोन लाव की गं!" मग काय, कानाला वाटी लावली आणि सुरू.

तीन नकला केल्या. पहिला, फोनची गरजच नाही असा साताऱ्यापर्यंत ओरडणारा म्हातारा. दुसरी, सासरा शेजारी उभा म्हणून आईशी तीन मिनिटं नुसतं "हं, हं" करणारी नवी सून. तिसरा, रुसून माहेरी गेलेल्या बायकोला विनवणारा नवरा. "आवं, या की आता. भाकरी थापतूय तर परातीलाच चिकटतीया. म्हशीनं बी माझ्याकडं पाठ केलीया." शालनवहिनी हसून हसून खाली बसल्या.

पहिल्या दोन माझ्या डोक्यातल्या. तिसरी नाही. ती अण्णासाहेबांची, शब्दन् शब्द. इथं लिहून ठेवते, दुसरीकडे कुठं बोलायची सोय नाही.

अण्णासाहेब म्हणजे घेवड्याचे मोठे अडत व्यापारी. दर गणपतीत भाषण ठरलेलं: बायकांनी पायरी ओळखून राहावं. आणि महिना झाला, हाच माणूस रोज संध्याकाळी सहाला सांगलीचा ट्रंककॉल लावून ताराक्कांना, म्हणजे बायकोला, विनवण्या करतो. लाइन जुळली का बघायला कान लावावा लागतो. लावला की काढावाही लागतो. मी काढला नाही.

नाव घेतलं नाही ना मी, मग काय एवढं.

५ ऑक्टो., गुरु.
काय दिवस! पाळी संपवून स्टँडवरून येत होते. हॉटेलात ही गर्दी. वाटलं भांडण असेल. तेवढ्यात आतून माझाच आवाज. "आवं, या की आता..."

शालनवहिनींचा दीर दत्तू मस्कतहून रजेवर आलाय, टेपरेकॉर्डर घेऊन. गावात पहिलाच. परवा हादग्याच्या वेळी यानं तो परसाच्या खिडकीत, पडद्यामागं चालू करून ठेवला. आणि आता टेबलावर मशीन, भोवती पन्नास-साठ पुरुष, चहा गार झालेला, डोळे पुसतायत हसून.

खरं सांगू? आधी आनंद झाला. एवढा की तोंड लपवायला पदर घ्यावा लागला. तमाशाच्या तंबूत असं हसताना लोक बघितलेत, ते तिकीट काढून. हॉटेलवाला म्हणाला, "शिनेमा बी झक मारतोय गड्या हेच्यापुढं." तिथंच उभी राहिले, पुन्हा लावलं तेव्हा पुन्हा ऐकलं. मग तिसरी नक्कल आली आणि मी घाईनं घर गाठलं.

६ ऑक्टो., शुक्र.
सकाळीच आम्ही आठ-दहा जणी शालनवहिनींच्या दारात. दत्तू अंघोळीहून येत होता.
"माझी मशीन, माझी टेप, माझं घर. कायदा काय म्हनतो?"
शालनवहिनी: "आन् आवाज कुनाचा रं? परसात गडीमान्साला बंदी हाय, ठावं न्हवतं?"
"मी कुटं आलो? मशीन आली."
या उत्तरावर काय बोलायचं! वहिनींनी मात्र जाहीर केलं, मशीन घरात आहे तोवर दत्तूचं ताट घरात नाही. दुपारपर्यंत तो टेप द्यायला तयार झाला, पण टेप हॉटेलात, आणि हॉटेलवाला म्हणतो, संध्याकाळचं गिऱ्हाईक झाल्यावर देतो.

हेडमास्तर भेटले. म्हणाले, "या यंत्रानं आता घराला भिंत म्हणून राहायची नाही." बोलले खरे, पण हॉटेलात पुढच्या बाकावर काल तेच होते. मी बघितलंय.

गावात एकच विषय: तिसरा कोण? चौघांवर संशय. ज्यांच्या बायका माहेरी त्यांनी स्टँडवर यायचं बंद केलंय. आणि ज्यांच्या घरीच आहेत त्या विचारतायत, मी गेले तर तुम्ही असं म्हणाल का?

९ ऑक्टो., सोम.
ओळखलं. स्वतःला स्वतःच ओळखलं अण्णासाहेबांनी. टेप शनिवारीही हॉटेलातच होती, तिथं बसून ऐकलं म्हणे, हसले नाहीत, उठून टेपच खिशात घातली. आज माझी दुपारपाळी, आणि सहाच्या कॉलऐवजी स्वतः एक्स्चेंजच्या दारात.
"लायनीवर कान लावून बसता आन् गावात तमाशा करता? तक्रार धाडलीया साताऱ्याला. खुर्ची घालवतो का न्हाई बगा."

नोकरीला लागताना गुप्ततेच्या कागदावर सही केलीय मी. ऐकलेलं बाहेर सांगितलं तर नोकरी जाते, वर आणखी काय काय होतं ते वाचलंच नव्हतं. दिवाळीपर्यंत मला कायम करायचा कागद यायचा होता. आता कुठला!

खुर्चीशिवाय माझं काय? आमच्या आळीत बाहेर जाऊन पगार आणणारी मी पहिली. आई म्हणते लग्न करून टाकू, सुटेल प्रश्न. मला सुटायचं नाहीय. कानाला यंत्र चढवलं की सातारा, सांगली, पुणे माझ्या हातात येतं. हे मला हवंय. मीच घालवलं तर मला स्वतःला माफ करता येणार नाही.

हमीदा, माझ्या जोडीची ऑपरेटर, मिरजेची, पाळी बदलायला आली तेव्हा मी रडून घेतलं. तिनं सगळं ऐकलं आणि हसायलाच लागली.
"अगं येडे, तक्रार शाबीत करायची तर त्येला साहेबापुढं सांगाय पायजे ना, ह्यातला मी कंचा ते!"
ते डोक्यात नव्हतं आलं. रडं थांबलं. जेवलेही नीट.

१२ ऑक्टो., गुरु.
काल दसरा. सोनं द्यायला आलेल्या बायका कानाशी येऊन सांगून जातात, "आमी हाय तुज्यामागं." कुठल्या कुठल्या बायका, नावंही माहीत नाहीत. आज हादग्याची सांगता, सोळा गाणी झाली. मी नकला केल्या नाहीत, कुणी म्हटलंही नाही.
पत्र आलं. चौकशी मंगळवारी, एक्स्चेंजमध्येच. साताऱ्याचे साहेब येणार.

१७ ऑक्टो., मंगळ.
सगळं लिहिते, क्रमानं.

मागची खोली. साहेब, दोन पंच (हेडमास्तर आणि दुसरे एक घेवडावाले, अण्णासाहेबांचे पक्के वैरी), अण्णासाहेब फेटा बांधून, दत्तू मशीन घेऊन, शालनवहिनी साक्षीला, मी. खिडकीबाहेर निम्मं गाव. टेप लावली. साहेबांनी म्हाताऱ्यापर्यंत तोंड सरळ ठेवलं. सुनेला रुमाल काढला. तिसऱ्याला पाणी मागवलं.

मग घसा साफ करून: "अण्णासाहेब, यातलं आपलं संभाषण कोणतं?"
अण्णासाहेबांनी फेटा सारखा केला.
"म्हातारे गृहस्थ आपण?"
"न्हाई."
"मग ही सून..."
घेवडावाले खोकले. खिडकीबाहेर चार जण खोकले.
"उरलं तिसरं. ते आपलं, असं लिहून घेऊ?"
फेट्याखाली घाम. माणूस एवढा मोठा, पण "व्हय" म्हणवेना. "न्हाई" म्हणावं तर तक्रार गेली. मला जिंकल्यासारखं वाटलं, अगदी उघड सांगते, आणि वाईट अजिबात वाटलं नाही.

तेवढ्यात साहेब माझ्याकडे वळले. "बाई, आपण यांचं बोलणं ऐकलं होतं का?"
संपलं. हमीदाच्या हिशेबात हा प्रश्न नव्हता. तोंड उघडलं, काय बोलणार होते देव जाणे.

आणि दारातून आवाज, "तिला कशाला, मला इचारा."

ताराक्का! चौकशीचं अण्णासाहेबांनीच फोनवर सांगितलेलं म्हणे, सकाळच्या सांगली गाडीनं आल्या. हातात पिशवी, डोक्यावर पदर, धापा टाकत.
"त्यो तिसरा म्हंजी आमचे हे."
"तारा!"
"थांबा वो. आन् बोलत हुते ते माज्याशी. सायेब, बोलनं दोगांचं असतंय. अर्दं ह्येंचं, अर्दं माजं. माज्या अर्द्याचं मी कायबी करीन. मीच शालनला पत्रात लिवलं, शालननं बायकांत सांगितलं, ह्या पोरीनं त्येची नक्कल केली. गुना कुनाचा?"
साहेब शालनवहिनींकडे. त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. "व्हय. आलं हुतं पत्र. वाचून चुलीत घातलं."

कसलं पत्र! एक ओळ आली नव्हती. दोघी धडधडीत खोटं, आणि किती सहज!

साहेब म्हणाले, ताराक्कांनी हे लिहून, सही करून सोमवारपर्यंत साताऱ्याला टपालानं पाठवावं. पोचलं की तक्रार निकाली, नाहीतर पुढची कारवाई. अण्णासाहेबांना विचारलं, मागं घेता का? "माघार? म्या?" पण आवाज निम्मा झाला होता.

घरी जाताना ताराक्का पुढं, अण्णासाहेब पिशवी घेऊन मागं. हॉटेल सगळं उभं राहिलं. हमीदानं बोर्डावरून उठून मला मिठी मारली, बोर्डावर तीन कॉलची शटरं पडली होती तरी. आईनं शिरा केला. आज मी गावची राणी.

१८ ऑक्टो., बुध.
राणीला झोप लागली नाही. जिंकले ते दुसऱ्याच्या खोट्यावर. साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलंच नाही.
बोर्डावर आज लाइन जुळली की कान काढला. प्रत्येक वेळी. अवघड जातं, सवय वाईट.

२० ऑक्टो., शुक्र.
पाच वाजता ताराक्का घरी. आई देवळात गेलेली. चहा टाकला. त्यांनी पिशवीतून कागद काढला, सगळं लिहिलेलं, खाली सही नाही.

मी आधीच सांगून टाकलं, "ताराक्का, मी कान लावला होता. ऐकलेलं हादग्यात सांगितलं. चुकलं माझं."
"ठावं हाय. पत्र म्या कुटं लिवलं हुतं?" हसल्या. "म्हैनाभर फोनवर रडायचं ह्ये, मला वाटायचं नाटक हाय. आईच्या घरी कुनी मानायचं न्हाई. आता साऱ्या गावानं ऐकलं. बरं वाटलं बग."

मग कागदावर हात ठेवून, हळू: "सही करते. एक सांग फकस्त. मी तिकडं असताना ह्ये आनिक कुनाला फोन लावायचे का? कराडला, पुन्याला? बाई-बीई?"

उत्तर मला माहीत. व्यापारी आणि सांगली, बाकी कुणी नाही. एक "नाही" म्हटलं की झालं. खरं बोलणं, चांगली बातमी, सही होणार, खुर्ची राहणार. ओठावर आलं होतं.

आणि अडले. आज यांना "नाही" सांगितलं, तर उद्या दुसरी येईल, जिच्या नवऱ्याचा असा फोन असेल. तिला काय सांगू? गप्प बसले तर गप्प बसणंच सांगून जाईल. म्हणजे आजचं "नाही" म्हणजे उद्याच्या कुणाचं तरी "हो".

"ताराक्का, ते मी सांगणार नाही."
"म्हंजी हाय कुनीतरी."
"तसं नाही. असतं तरी हेच म्हणाले असते, नसतं तरी हेच."
"माज्यामुळं खुर्ची ऱ्हायली तुजी."
"होय."
"आन् मला येक शबूद न्हाई?"
"नाही."

माझ्याकडे बघितलं. राग होता का, दुसरं काही, कळलं नाही. कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवला, चहा तसाच. दारात चपला घालताना एवढंच, "हट्टी हाईस." शिवी होती की शाबासकी?

गेल्यावर वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. उलट मोठ्यानं गाणं म्हणत भांडी घासली. परवा गाव उभं राहिलं तेव्हाही इतकं हलकं वाटलं नव्हतं. गुप्ततेच्या कागदावर सही एकदा केली होती, न वाचता. आज खरी केली.

२३ ऑक्टो., सोम.
सकाळपाळी. दिवाळीचे कॉल सुरू झालेत. ताराक्कांच्या कागदाचा आज शेवटचा दिवस, आणि साताऱ्याची टपालाची थैली एकला गेली.

हमीदाला शुक्रवारचं सगळं सांगितलं होतं, म्हणजे माझ्यापुरतं. ती दुपारी म्हणाली, "पोस्टमन वळखीचा हाय आपल्या. त्याला नुसतं इचार, ताराक्काचं पाकीट थैलीत पडलं का. एवढ्यानं काय हुतंय?" तो समोरच सायकल पुसत उभा होता. माझ्याकडे बघून हसलाही.

मी जवळ गेले. म्हणाले, दिवाळीला घरी या फराळाला. पाकिटाचं विचारलं नाही. तेही कुणाचं तरी पत्रच.