सात नंबरची बाटली

बेहाला, कोलकाता
५ फेब्रुवारी २०२५

प्रिय उन्मेष भावोजी,

तुम्हाला आणि श्वेताला आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालते. वहीच्या कागदावर लिहून पानांचे फोटो पाठवतेय, कारण फोनवर मराठी टाइप करायला गेले की माझी अर्धी वाक्यं वाटेतच राहतात. आणि व्हिडिओ कॉलला हे शेजारी असतातच. उत्तर माझ्या नंबरवर द्या, घरच्या ग्रुपवर नको.

थंडी ओसरली. समोरच्या दासबाबूंनी तिसरा मजला चढवला, त्यामुळे आपल्या गच्चीवर दुपारचं ऊन येत नाही आणि माझी मेथी वाळता वाळत नाही. आमच्या सईला बंगळुरात नवीन नोकरी लागली. पोरगी मराठीत बातमी सांगायला निघते, बंगालीत शिरते आणि इंग्रजीत संपवते.

तुमच्या दादांची बिअर जोरात चालू आहे. ॲडलेडला तुमच्या गॅरेजमध्ये बिअर करायला शिकून आल्यापासून दुसरा हिवाळा हा. तुमच्या जुन्या खोलीत आता पलंग नाही. एक जुना फ्रिज, दोन मोठी पिंपं, नळ्या आणि भिंतीला लावून बाटल्या. इथल्या उन्हाळ्यात यीस्ट बिथरतं म्हणे, म्हणून जे करायचं ते डिसेंबर-जानेवारीत. गेल्या वर्षी तुमच्या कृतीने केलेली ती फिकट बिअर, ऑस्ट्रेलियन पेल एल, ह्यांनी न्यू टाउनच्या क्लबात नेली. घरी बिअर बनवणारी वीसेक मंडळी आहेत, बहुतेक आयटीतली. तुम्ही शिकवलंत तशी ह्यांनी बाटली आधी टेबलावर आडवी लोळवली, तळाचा गाळ मिसळू दिला आणि मग ती गढूळ बिअर ग्लासांत ओतली. पोरं खूश. क्लब चालवणारा अनिर्बाण तर ह्यांना ‘दिलीपदा, तुम्ही आमचे गुरू’ म्हणाला. यंदा त्यांनी स्पर्धाच ऑस्ट्रेलियन पेल एलची ठेवलीय. २३ तारखेला, रविवारी.

आता मुद्द्याचं. तुम्ही ह्यांना सांगाल का, की यंदा स्पर्धेत बाटली देऊ नका? कारण काहीही सांगा. तुमचं ते ऐकतात.

बिअर बिघडलीय, भावोजी. मी पीत नाही, पण मला नाक आहे. झाकण उघडलं की दवाखान्यासारखा वास येतो. जखमेवरची पट्टी सोलताना येतो ना, तसा. ह्यांनी बाटल्या ब्लीचने धुतल्या होत्या आणि ते नीट निघालं नसावं. मी चहा घेऊन खोलीत गेले तर मला ठसका लागला, आणि हे त्या वासात आरामात बसून बाटल्या भरत होते. आयुष्यभर बजबजच्या तेल डेपोत पेट्रोल-डिझेल तपासलेला माणूस! तिथले लोक म्हणायचे, यंत्राच्या आधी दिलीपबाबूंचं नाक बोलतं.

परवा पहिली बाटली उघडली. ग्लास नाकाशी नेऊन ह्यांनी डोळे मिटले. म्हणाले, “वा! उन्मेषच्या गॅरेजमध्ये उभं असल्यासारखं वाटतं. बघ, तू बघ.” मी ग्लास जवळ घेतला आणि “छान आहे” म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

जुनी सर्दी असेल. वयानुसार नाकही मंद होतं. परवा दूध करपलं तेव्हा हे स्वयंपाकघरातच पेपर वाचत बसले होते, पण पेपर वाचताना ह्यांचं कुठे लक्ष असतं? बाटल्यांवरची लेबलं हल्ली इतकी बारीक लिहितात की चष्मा लावूनही मला वाचता येत नाहीत. कागद वाचवतात की काय कोण जाणे.

तेवढं सांगा मात्र. चारचौघांत ह्यांचं हसं झालेलं मला बघवणार नाही.

तुमची,
स्मिता वहिनी


बेहाला, कोलकाता
२७ फेब्रुवारी २०२५

प्रिय उन्मेष भावोजी,

आशीर्वाद. तुमचे तीन मेसेज आले, मी उत्तर दिलं नाही. रागावले नव्हते. तुम्ही फोन केलात तेव्हा मी दारातच उभी होते. तुम्ही “दादा, यंदा राहू द्यायचं का रे?” असं सुरू केलंत, ह्यांनी “का?” विचारलं, आणि तुम्ही “काही नाही, सहज. पाठव, तूच जिंकशील” म्हणून मोकळे झालात. मी तुम्हाला दोष देत नाही. मी तर रोज ह्याच घरात असते आणि मलाही तेच जमतं.

स्पर्धेचं सांगते. सांगायलाच हवं.

अनिर्बाणच्या सोसायटीच्या हॉलमध्ये होती. सगळ्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, वर फक्त नंबर. कुणाची कुठली ते कुणालाच ठाऊक नाही. सगळ्यांनी सगळ्या चाखायच्या आणि काय वाटतं ते मोकळेपणी बोलायचं, अशी त्यांची पद्धत. मी मागे खुर्चीवर बसले होते, तिथून मला ह्यांचा चेहरा सरळ दिसत होता.

तेव्हा मला एक गोष्ट कळली. हे आधी बोलतच नव्हते. ग्लास नाकाशी न्यायचे आणि डोळे बाकीच्यांच्या तोंडाकडे. अनिर्बाण “आंबा” म्हणाला की हे “हो, कैरीकडे झुकणारा” म्हणायचे. कुणी नाक मुरडलं की हेही मुरडायचे. इतकं सफाईने की दुसऱ्या कुणाला शंका आली नसती. किती दिवस असं करत आले असतील? आणि मी करते त्या आमटीचं, उदबत्तीचं, माझ्या नव्या साबणाचं कौतुकही असंच?

मग सात नंबरची बाटली उघडली. मला खुर्चीपर्यंत वास आला.

अनिर्बाणने ग्लास लांब धरला. “शी! हे तर हॉस्पिटल!”

सगळे हसले. ह्यांनी बाकीच्यांकडे बघितलं, पुन्हा ग्लास हुंगला आणि सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणाले, “हॉस्पिटल कसलं, सरळ ऑपरेशन थिएटर! ज्याची असेल त्याने आधी बाटल्या धुवायला शिकावं.” आणि ग्लास बादलीत ओतला. पोरं अजून हसली. हेही हसले.

मी उठून उभी राहिले, पण उभी राहून करणार काय? तशीच परत बसले.

शेवटी कागद काढायची वेळ आली. अनिर्बाणने सातवर आल्यावर कागद फाडला, लेबल डोळ्यांजवळ नेलं. मग घाईघाईने कागद परत गुंडाळायला लागला. “ह्या बाटलीच्या नंबरात काहीतरी गोंधळ झालाय,” म्हणाला. चांगला मुलगा आहे. पण ह्यांनी हात पुढे केला.

“दे इकडे, अनिर्बाण. माझीच आहे. अक्षर ओळखतो मी माझं.”

हे बंगालीत शांतपणे म्हणाले, “मला वास येत नाही रे बाबांनो. बरेच दिवस झाले.”

कुणीतरी विचारलं, “कोविडमुळे का, दिलीपदा?” हे म्हणाले, “तसंच काहीतरी.” मग जेवण झालं, बिर्याणी होती, बक्षीस कुणाला तरी मिळालं. सगळे ह्यांच्याशी इतकं जपून बोलत होते की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

टॅक्सीत बसल्यावर मी म्हटलं, “आपण नाकाच्या डॉक्टरांना दाखवू. कोविडनंतर पुष्कळांचं होतं असं.”

हे खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, “स्मिता, बाबांना आधी वासच येईनासा झाला होता. आई देवापुढे धूप घालायची आणि बाबा विचारायचे, आज धूप नाही का? मग त्यांचं अक्षर बारीक झालं. हात तर नंतर थरथरायला लागला.”

तुम्ही तेव्हा नुकतेच ऑस्ट्रेलियात गेला होतात. बाबांचं पार्किन्सन ह्यांनी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत बघितलंय. बाबांना भरवलंय, कुशीवर वळवलंय. ह्यांना कुठल्या डॉक्टरने काही सांगायची गरजच नव्हती. मी मूर्ख, ह्यांना काही कळू नये म्हणून करपलेलं भांडं लपवून घासत होते.

“कधीपासून माहीत आहे तुम्हाला?” मी विचारलं.

“ॲडलेडपासून. उन्मेषने गॅरेजमध्ये हॉप्सच्या सुक्या फुलांचं नवं पाकीट फोडलं आणि माझ्या नाकाखाली धरलं. ‘कसा आहे, दादा?’ मी म्हणालो, ‘वा!’ काहीच आलं नव्हतं. कागद हुंगल्यासारखं वाटलं.”

म्हणजे भावोजी, तुमच्या बिअरचा वास ह्यांना कधी आलेलाच नाही. गेल्या वर्षीची चांगली झाली ती तुमच्या कृतीत तसूभर बदल केला नाही म्हणून.

मला राग आला. म्हटलं, “मग एवढा खटाटोप कशासाठी? पिंप, नळ्या, रात्रंदिवस त्या फ्रिजची काळजी?”

ते म्हणाले, “बाबा गेल्यावर उन्मेष आणि माझ्यात बोलायला काही उरलंच नव्हतं. दिवाळीला एक फोन, वाढदिवसाला एक. आता दर रविवारी फोन करतो. तास-तासभर. पाणी कसलं वापरलंस, तापमान किती ठेवलंस. बिअर सोडली तर त्याच्याशी काय बोलू? ह्या आजाराचं?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “त्याला कळवू नकोस. उगाच तिकिटं काढत बसेल, अपराध्यासारखा येईल आणि अपराध्यासारखा जाईल. मला भाऊ पाहिजे, स्मिता. भेटायला येणारा पाहुणा नको.”

मी “नाही कळवणार” म्हणाले. आणि हे लिहितेय.

मंगळवारी मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी ह्यांना कागदावर एक ओळ लिहायला लावली, बोटं मिटायला-उघडायला लावली, व्हरांड्यात चालायला लावलं. चालताना ह्यांचा डावा हात हलत नाही, हे मला तेव्हा दिसलं. इतकी वर्षं सोबत चालतेय मी. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, गोळ्यांनी पुष्कळ वर्षं चांगली जातात. वासाचं विचारलं तर मान हलवली. तो परत येत नाही.

काल ह्यांनी राहिलेल्या सगळ्या बाटल्या न्हाणीघरात ओतून दिल्या. एकेक करून, झाकण काढून, मला हात लावू न देता. घरभर दवाखान्याचा वास भरलाय. खिडक्या उघड्या ठेवल्या, पंखे लावले, जात नाही. ह्यांना काही नाही. मी एकटी त्यात वावरतेय.

तुम्ही काय करावं ते मला सांगता येत नाही. या म्हणू, तर शब्द मोडला असं होईल. येऊ नका म्हणू, तर तुमचा हक्क हिरावून घेणारी मी कोण? काल तासभर मी त्यावरच अडले होते. शेवटी एवढंच सुचलं, की येत्या रविवारी फोन करा. पहिल्यासारखाच. स्पर्धेचं विचारा, हे काहीतरी थाप मारतील, ती ऐकून घ्या. पुढच्या हिवाळ्यात काय करायचं ते विचारा. आवाज भरून आला तर श्वेताने हाक मारली असं सांगून फोन ठेवा, आणि थोड्या वेळाने परत करा. पण परत करा.

हे आत विचारतायत, एवढं काय लिहितेस. सईसाठी लोणच्याची कृती, असं सांगितलं. आता उठते.

खोटं बोलायला तुम्हालाही शिकवणारी,
तुमची वहिनी
स्मिता