पेंटियम फोर संगणक भंगारात न घालणेबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
कृपाझरा धर्मादाय दवाखाने,
मुख्य कार्यालय, दौंड, जि. पुणे.

अर्जदार : श्रीमती दबोरा नोएल पाटोळे, केसपेपर लिपिक, मांडवगण फराटा शाखा, ता. शिरूर.

विषय : शाखेतील दोन जुन्या संगणकांच्या प्रोसेसरची तुलना सादर करून, त्या तुलनेत हरलेला संगणक कायम ठेवणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र, "दोनपैकी एकच संगणक ठेवावा. सरस कोणता ते कळवावे. दुसरा ई-कचऱ्याच्या गाडीत द्यावा."

महोदय,

१. आपल्या पत्रानुसार दोन्ही संगणक शेजारी शेजारी मांडून, दौंडचे संगणक दुरुस्तीवाले श्री. सद्दाम यांच्या मदतीने तुलना केली आहे. खिडकीवरच्या संगणकात पेंटियम फोर आहे, तीन गिगाहर्ट्झ, कोअर एक. औषध खोलीतल्या संगणकात दुसऱ्या पिढीचा आय-थ्री आहे, कोअर दोन, आणि वेगाचा आकडा जवळपास तेवढाच. आकड्यावर जाऊ नये. तेवढ्याच वेळात आय-थ्री कितीतरी जास्त काम उरकतो. औषधसाठ्याचा तक्ता तो मी चष्मा पुसेपर्यंत उघडतो. पेंटियमवर तोच तक्ता उघडायला लावून मी गिरणीत दळण टाकून येऊ शकते. पेंटियम वीजही जास्त खातो आणि खाल्लेली सगळी उष्णता करून शेजारच्याच्या अंगावर टाकतो. किमतीचे म्हणाल तर आय-थ्रीला अजून गिऱ्हाईक मिळेल. पेंटियमबद्दल सद्दामभाईंचे मत असे पडले की, "ताई, ह्ये फुकट दिलं तरी नेणाऱ्याला रिक्षाचं भाडं अंगावर पडंल."

२. सबब निकाल : आय-थ्री सर्व बाबतींत सरस. माझे दुमत नाही. तरीही पेंटियम फोरच खिडकीवर राहू द्यावा, अशी नम्र विनंती आहे. बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना, असे आपल्या मनात आले असेल. यायलाच पाहिजे. म्हणून खालील खुलासा करीत आहे.

३. माझे पती कै. नोएल हे कुरकुंभला एका कारखान्यात पाळीवर होते. भंगारातले भाग जमवून हे दोन्ही संगणक त्यांनीच उभे करून दवाखान्याला दिले. पूर्वी मी खिडकीतून कार्डावरचे पूर्ण नाव पुकारत असे, पण ते नाव आपलेच आहे हे निम्म्या म्हाताऱ्यांच्या ध्यानात येत नसे. मी ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचा आणि त्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. नोएलनी त्यावर उपाय काढला. रविवारी उपासना झाली की एकेकाला गाठून, घरात तुम्हाला काय म्हणतात, हे विचारून घेतले आणि नावे स्वतःच्या आवाजात भरली. मग कार्डाचा क्रमांक दाबला की स्पीकर बोलायचा, "हौसराव आबा, काठी घ्या." मग जरा थांबा. मग, "या, सावकाश या." लोक उठू लागले. पुढे नोएल काविळीने गेले. आवाज खिडकीवर राहिला.

४. आपल्या पत्रानंतर सद्दामभाईंनी ही पुकारणी आय-थ्रीवर चालवून पाहिली. तेव्हा असे आढळले की नाव आणि 'या' यांच्या मधला थांबा नोएलनी घड्याळ लावून धरलेलाच नाही. संगणकाला रिकामे आकडे मोजायला लावले आहेत, मोजून झाले की 'या' म्हण. पेंटियम मोजत बसे तेवढ्यात म्हातारे माणूस काठी चाचपून उभे राही. हे माप त्यांनी बाकासमोर उभे राहून, माणसे बघून बसवले होते. आय-थ्रीने तेच आकडे अर्ध्याहून कमी वेळात मोजून टाकले. माणूस अजून बाकावर आणि 'या' येऊन मोकळी. बाकावरच्या मालनबाई मला फाडकन म्हणाल्या, "नोएलला कसली गं घाई सुटली? मेल्यावर तरी मानसानं निवांत ऱ्हावं!"

५. सद्दामभाई भला माणूस. त्यांनी थांबा सेकंदांत बसवून दिला, तंतोतंत. तांत्रिकदृष्ट्या तक्रार संपली. पण साहेब, तो थांबा सकाळ-दुपार सारखाच. पेंटियम उन्हं चढली की तापतो, आणि तापला की जळू नये म्हणून आपला आपण मंद होतो. म्हणजे सकाळी आवाज तरतरीत, आणि दुपारी दोन शब्दांच्या मध्ये जास्त थांबणारा. पाळी करून आल्यावर नोएल दुपारचे असेच बोलायचे. आय-थ्रीवरचा आवाज त्यांचाच आहे, पण तो मेलेल्या माणसाचा आहे. पेंटियमवरचा अजून दमतो.

६. मंगळवारी नंबर घेणारे वाढले, औषध नेणारे का वाढले नाहीत, असे आपण तोंडी विचारले होते. त्याचे उत्तर येथेच देते. आमच्याकडे माणूस गेले तरी कार्ड रद्द करत नाहीत. घरातले कार्ड घरातच राहते, भांड्यासारखे. सासऱ्याचे सून वापरते. मी चालवून घेतले. आता लोक गेलेल्याचे कार्ड देतात, बाकावर बसतात आणि ते नाव पुकारले जाण्याची वाट बघतात. हौसराव आबा जाऊन दोन सुगी झाल्या. गिताबाई, त्यांची बायको, दर मंगळवारी त्यांचे कार्ड घेऊन येते. "हौसराव आबा, काठी घ्या" झाले की सगळा बाक दाराकडे बघतो. त्या थांब्यात कोणी खोकतसुद्धा नाही. मग 'या' येते, आणि गिताबाई म्हणते, "त्ये आज आले न्हाईत." गेले, असे तिने एकदाही म्हटलेले नाही. परवा भांडगावहून अनोळखी कुटुंब आले आणि आमच्या आईचेही नाव पुकारा म्हणाले. त्यांना कसे सांगू, की नोएल आता नवी नावे घेत नाहीत?

७. आता लिहिते ते तुलनेत कुठेही बसत नाही. दुखण्यात काढलेले नोएलचेही कार्ड आहे. स्वतःचे नाव त्यांनी कधी भरले नाही. त्यामुळे त्यांचा क्रमांक दाबला की नाव येत नाही. स्पीकर घरघरतो, मग थांबा, मग त्यांच्या आवाजात "या." गर्दी ओसरली की मी तो क्रमांक दाबते. रोज दाबते. यंदाच्या उन्हाळ्यात तो थांबा लांबत चालला आहे, आणि त्या रिकाम्या जागेत कोणीतरी श्वास घेते. सद्दामभाईंनी सगळे तपासले, श्वास कुठेही भरलेला नाही. मला भीती वाटत नाही, हीच भीती आहे. मागल्या मंगळवारी 'या' आली आणि मी खिडकी सताड उघडी टाकून उठले. कुठे निघाले होते, ते मला सांगता येणार नाही. फाटकापाशी सुगराबींनी माझे मनगट धरले. गुडघ्याच्या औषधाला येणारी म्हातारी, पण पकड लोहाराची. म्हणाल्या, "कुठं निघालीस गं? चल, बस खाली. तुझा नंबर न्हाई आजून." मी त्यांच्या खांद्यावर डोके ठेवून पहिल्यांदा रडले. माझी मुलगी एंजल यंदा दहावीला आहे, हे मला तिथे आठवले. तोवर आठवले नव्हते, साहेब.

८. तरी विनंती की,

(अ) पेंटियम फोर इतरांसाठी खिडकीवर राहू द्यावा व आय-थ्री औषध खोलीत. वाढीव विजेपोटी माझ्या टेबलावरचा पंखा मी बंद ठेवीन.

(आ) नोएल यांचा क्रमांक कायमचा बंद करावा. ते काम मला सांगू नये. मी तीनदा बसले आणि तीनदा उठले. माझ्याने होणार नाही. सद्दामभाईंना आपण लेखी आदेश द्यावा.

(इ) बंद करण्यापूर्वी तो क्रमांक एकदा पुकारावा. ऊन चढल्यावर, पेंटियमवरच. त्या वेळी मला खिडकीत न बसवता बाहेर बाकावर, सुगराबींच्या शेजारी बसू द्यावे. 'या' आल्यावर मी उठणार नाही, अशी हमी देते.

आपली, आजवर तरी आज्ञाधारक,

(सही)
दबोरा नोएल पाटोळे
मांडवगण फराटा
दि. १५ मे २०२४

सोबत :
१. दोन्ही प्रोसेसरच्या तुलनेचा तक्ता.
२. पेंटियम फोर राहावा म्हणून रुग्णांच्या सह्या व अंगठे (हयात रुग्णांचेच).
३. कै. नोएल बन्यामीन पाटोळे यांचे कार्ड, मूळ. झेरॉक्स काढून ठेवलेली नाही.