चौदा मिनिटं, बावीस सेकंद

गोरेगाव,
शनिवार, १२ एप्रिल २०२५, दुपार

दुर्गेश,

रामराम. तुझ्या आईचे गुडघे बरे असतील. मी ठीक. फोन केला असता तर तोंडातून शिव्याच निघाल्या असत्या, म्हणून लिहून राहिलो.

माझं सगळं बदललं ते काल सकाळी, व्हिडिओच्या चौदा मिनिटं बावीस सेकंदांवर.

तुझ्या मावसबहिणीच्या, रिंकीच्या सगाईचा व्हिडिओ एडिट करायचं काम स्टुडिओवाल्या मुन्नालालभाऊंनी माझ्याकडे दिलं. रिंकी माझ्यासाठी कोण, ते त्यांना काय माहीत? तुला माहीत होतं. तरी तूच म्हणालास, "ओमू, तुझ्यासारखा आवाज कोणी बसवत नाही." बसवला, भाऊ. चांगला बसवला.

नटण्याच्या शॉटवर गाणं टाकलं होतं. मधे तिच्या बाबांची "पाहुणे आले रे" ही हाक ऐकू यायला पाहिजे, म्हणून गाण्याच्या आवाजाच्या रेघेवर चार कीफ्रेम, म्हणजे ठिपके, लावले आणि मधले दोन खाली ओढले. धानाच्या बांधीची पार जिथं फोडावी तिथंच पाणी उतरते, तसं तेवढ्याच जागी गाणं उतरलं. खालून तुझा आवाज आला.

सूत्रसंचालन तुझं, म्हणून कॉलरचा माइक सगाईच्या सकाळी मीच तुला लावला होता. स्विचला हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली होती. आयुष्यात पहिल्यांदा तू माझं ऐकलंस.

पडद्यावर मेहंदीचे हात, आणि खाली रिंकी विचारते, "दादा, चिठ्ठी देली का त्याले?"

"देली. वाचली अन् फाडली. म्हणे, माझ्या नादी लागू नको म्हणाव."

बांगड्या चढवल्याचा आवाज. मग ती म्हणते, "बरं. चला, बाबा वाट पाहून राहिले."

कोणती चिठ्ठी, दुर्गेश? मला तर तू सांगितलंस, "तिले नोकरीवाला पायजे, कॉलेज सोडलेला नाही."

मी तुझा आवाज इतका वर नेला की मीटरची पट्टी लाल झाली. उद्या रिंकीच्या घरी तिरोड्याचे पाहुणे, नवऱ्या मुलाकडचे, हाच व्हिडिओ टीव्हीवर पाहणार आहेत. म्हटलं, ऐकू दे सगळ्यांना, हा भाऊ कसा आहे ते. पण माइक एकच. तुला वर नेलं की तीही वर येते. तुझी जिरवायला तिला पाहुण्यांसमोर उघडी पाडू? तासभर माउस धरून बसलो. मग दोघांनाही शून्यावर आणलं, वरून गाणं सरळ सोडलं. बाबांची हाकही गेली.

तू म्हणशील, तिच्या भल्यासाठी केलं. म्हण. पण एक सांगतो, ते तुला सांगायला जड जाते. तू बोललास ते मी लगेच मानलं. दुसऱ्या वर्षाला सरांच्या अंगावर धावून कॉलेज सोडलं, तेव्हापासून तेच वाक्य मी स्वतःला रोज ऐकवत होतो. तू फक्त आवाज वाढवलास. तिचं घर इथून सायकलनं सात मिनिटं. महिनाभर तिला विचारायला गेलो नाही. तिनं यावं, असं वाटत होतं. कोणत्या तोंडानं वाटत होतं, कोण जाणे.

चिठ्ठीत काय होतं रे? तू वाचली असशीलच.

चार वाजता तू व्हिडिओ न्यायला माझ्याकडे येशील. पेनड्राइव्ह टेबलावर, या पत्राशेजारी आहे, त्यात फक्त गाणं आहे. कॉम्प्युटर मात्र मी चौदा बावीसवर थांबवून ठेवला आहे, हेडफोन लावलेला आहे. स्पेस दाब. एकट्यानं ऐक.

तेवढा तुकडा माझ्या फोनमध्ये घेतला आहे. आता रिंकीकडे निघालो. तिला एकटीला ऐकवीन. मग सगाई झालेल्या त्या तिरोड्याच्या मास्तरला हो म्हणो की नाही, तिचं ती पाहील. पण तू बोललेलं ती माझं समजून लग्नाला उभी राहणार नाही.

आज कडी तुझ्यासाठी काढलेली ठेवतो. माझ्या घराची कडी मात्र यापुढे वाजवू नको.

दार ओढून घेतो.

कालपर्यंत तुझा,
ओमेश्वर