दोन सीटच्या गाडीची निःपक्ष चाचणी

सोमवार, ३ नोव्हेंबर

रोजनिशी पुन्हा सुरू. जानेवारीतही केली होती. ९ जानेवारीनंतर लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

आज घडलं. आमच्या कारखान्याच्या मालकांचे चिरंजीव मेहुलशेठ स्वतः स्टोअरमध्ये आले. त्यांनी नवी इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार घेतली आहे. दोनच सीट. छत बटणावर उघडतं, दरवाजे वरच्या दिशेनं. तारापूर एमआयडीसीत अशी दुसरी नाही. त्यांनी विचारलं, तांडेलभाई, मागच्या गोडाऊनमध्ये आठवडाभर गाडीला जागा होईल का, बिल्डिंगला रंग लागतोय. मी ओळखलं की हे निमित्त आहे. समीक्षकाशी थेट बोलायला मोठी माणसं लाजतात. मी म्हटलं, जागा होईल आणि लेखही होईल. ते म्हणाले, कैसा लेख? मग समजावल्यावर म्हणाले, शनिवार को ले जाओ, वैसे भी खड़ी खड़ी बैटरी बैठ जाएगी.

पालघरच्या साप्ताहिकात माझा 'चाकांची चर्चा' हा स्तंभ दोन वर्षं चालू आहे. आतापर्यंत नऊ स्कूटर, एक टेम्पो आणि एक हातगाडी. (हातगाडीच्या वेळी संपादक धर्माजी म्हणाले होते, चाकं आहेत ना, मग लिहा.) त्यांना लगेच फोन केला. किती शब्द, विचारलं. म्हणाले, जागा असेल तेवढे. म्हणजे मर्यादा नाही.

संकल्प: निःपक्ष राहायचं. कंपनीचं नाव रोजनिशीतसुद्धा लिहायचं नाही. शनिवारपर्यंत पोट थोडं आत.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

बायकोला सांगितलं. दीपिका एमआयडीसीतल्या कामगारांना जेवणाचे डबे पोचवते. सोमवार ते शुक्रवार, रोज पंचेचाळीस, आमच्या व्हॅनमधून. व्हॅन तीच चालवते. मी कामावर जाताना शेजारी बसतो. गेली अकरा वर्षं डावीकडच्या सीटवरून मी ड्रायव्हिंगचा जो अभ्यास केला आहे, तो चालवणाऱ्याला करता येत नाही. त्याचं लक्ष रस्त्यावर असतं.

तिनं विचारलं, दुसऱ्या सीटवर कोण? मी म्हटलं, उपकरणं. म्हणजे काय, म्हणाली. वही, टेप, थर्मामीटर, पाण्याची बाटली. ती म्हणाली, बरं.

मग म्हणाली, शनिवारी आईला पालघरला न्यायचं हाय, विसरू नका. माझ्या सासूबाई, राहीबाई, एडवणला एकट्या राहतात. सुकी मासळी विकतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं. आता नवा चष्मा मिळायचा आहे. डोळ्यांचे डॉक्टर शनिवारीच येतात आणि एकला निघून जातात. मी म्हटलं, व्हॅन आहे की. मी शनिवारी उपलब्ध नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

स्पोर्ट्स कार हाताळण्यापूर्वी हात मोकळा करावा म्हणून, दीपिका पोळ्या करत असताना व्हॅन बाहेर काढली. फोर्कलिफ्ट मी स्टोअरमध्ये नेहमी चालवतो, तेव्हा तत्त्व माहीत आहे. एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर वीस मिनिटं उत्तम सराव. एकविसाव्या मिनिटाला जळका वास. आधी वाटलं कुठल्या तरी कंपनीचा असेल. आपल्याकडे सकाळी असतोच. पण तो माझ्याबरोबर पुढे पुढे येत होता.

व्हॅनची ही जुनी तक्रार असणार.

सायंकाळी

क्लचप्लेट गेली. मेकॅनिक म्हणतो मंगळवार. दीपिकानं पंचेचाळीस डबे दोन रिक्षांतून पोचवले. त्यातले सहा थंड गेले, एका ठिकाणी तिला ऐकून घ्यावं लागलं. घरी आल्यावर ती काही बोलली नाही. तांत्रिक बाब समजली की ती बोलत नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

तिनं विचारलं, आता आईचं काय? रिक्षात एवढं लांब तिला हादरे नको, डोळा नाजूक हाय. आणि हा शनिवार गेला तर आणखी आठवडा ती अंधारात चाचपडणार. परवाच चुलीपाशी हात भाजून घेतला तिनं.

मी विचार करून मोठा निर्णय घेतला. चाचणीचा मार्ग बदलला. बोईसर, पालघर, माहीम, केळवे, एडवण. मी एकटा जाईन, राहीबाईंना घेऊन येईन. उपकरणं त्यांच्या मांडीवर ठेवता येतील. वृद्ध प्रवाशाचा अनुभव हा लेखाला नवा पैलू.

दीपिका म्हणाली, तुमी चालवणार? मी म्हटलं, अर्थात. ती बराच वेळ पीठ मळत राहिली.

शनिवार, ८ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

मेहुलशेठचा ड्रायव्हर रूपेश गाडी घेऊन सरावलीत, आमच्या गल्लीत आला. लाल. सुंदर. दरवाजे खरोखर वर उघडतात. डाव्या दरवाजानं शेजारच्या किंजलबेनची कपड्यांची दोरी उचलली. दोन परकर आणि एक टॉवेल छताच्या वर गेले. किंजलबेन खाली आल्या, कपडे काढून घेतले आणि वर गेल्या. नोंद: गल्लीत उघडताना वर पाहावे.

रूपेशनं विम्यासाठी लायसन्सचा फोटो मागितला. माझं लायसन्स २०१९ मध्ये संपलं आहे असं त्यावर छापलेलं आहे. हे मला कोणी कळवलं नव्हतं. रूपेशनं शेठना फोन लावला. शेठ म्हणाले, घर में और किसी के पास है? दीपिका हात पुसत बाहेर आली आणि पर्समधून तिचं काढून दिलं. २०३३ पर्यंत आहे.

रूपेशनं तिला पाच मिनिटं दाखवलं. मी मागून पाहत होतो. क्लच कुठे, मी विचारलं. तो म्हणाला, काका, इलेक्ट्रिकला क्लच नसतो. गुरुवारचा सराव वाया गेला असं नाही, पण हे आधी कळायला हवं होतं.

दीपिका म्हणाली, सीट दोनच हायेत, तुमी कशाला येता? मी म्हटलं, समीक्षा कोण करणार? ती म्हणाली, बरं.

९.३०, पालघर

आवाज अजिबात नाही. वेग उत्तम असावा. गतिरोधकांमुळे कळलं नाही. गाडी जमिनीला फार जवळ आहे, त्यामुळे प्रत्येक गतिरोधकाला समीक्षकाला उतरावं लागतं. सरावलीपासून पालघरपर्यंत अकरा वेळा उतरलो. मी उतरल्यावर गाडी दोन सेंटिमीटर वर येते (टेपनं मोजलं). उमरोळीजवळ गाडी थोडी पुढे जाऊन थांबली तेव्हा मोटरसायकलवरच्या दोघांनी मला लिफ्ट देऊ केली. त्यांना वाटलं, मला सोडून गेली.

१०.१५, केळवे

माहीमनंतर दीपिकानं छत उघडलं. माझी टोपी एका वाडीत गेली. दीपिकानं एक हात स्टिअरिंगवर ठेवून पदर खोचला आणि सुरूच्या झाडांखालून गाडी अशी नेली की मी दहा मिनिटं काही नोंद केली नाही.

गावात एका मासळीवालीनं गाडी थांबवायला लावली. म्हणाली, बंद पडली काय ग? आवाज नाय येत. दीपिका म्हणाली, चालू हाय. ती म्हणाली, मग बरं.

१०.५०, एडवण

राहीबाई ओट्यावर तयार बसल्या होत्या. धुतलेलं लुगडं, काळा चष्मा, शेजारी सुक्या बोंबलांची टोपली, आमच्यासाठी. गाडीला हात लावून पाहिलं. म्हणाल्या, छप्पर नाय हिला? दीपिकानं बटण दाबलं, छत आलं. राहीबाई म्हणाल्या, मग आधी का नाय लावलं?

मग म्हणाल्या, तीन माणसं बसायची कुठं?

हा मुद्दा तोपर्यंत कोणी काढला नव्हता. मी सुचवलं की मागे सामान ठेवायच्या जागेत मी वाकून बसू शकतो. दीपिकानं ती जागा उघडून दाखवली. त्यात टोपलीच कशीबशी मावली असती. तिनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. माझ्या लक्षात आलं की गाडी बाहेरून कशी दिसते हा भाग राहिलाच आहे.

राहीबाईंना धरून बसवलं. पट्टा मी लावला. टोपली गाडीत ठेवू दिली नाही; दुसऱ्याच्या गाडीला वास लागणं योग्य नव्हे. त्यामुळे टोपली माझ्याकडे.

गेल्या. मागून छान दिसते.

दुपारी २.१०, सफाळे

एसटीत एका बाईनं विचारलं, बोंबील कसे दिलेत? मी म्हटलं, मी विक्रेता नाही, मोटार समीक्षक आहे. ती म्हणाली, बरं, पण कसे दिलेत?

सफाळे स्टेशनवर बाकावर बसून लेखाची सुरुवात केली. 'विद्युत वाहनांच्या युगात...' पुढे सुचेना. गाडी अजून नीट पाहिलेली नाही असं वाटलं. असं वाटणं चुकीचं आहे. अकरा वेळा उतरून पाहिली आहे.

सायंकाळी ६.४५

दीपिका गाडी गोडाऊनला लावून घरी आली. चष्मा मिळाला. डॉक्टर निघण्याच्या वीस मिनिटं आधी पोचल्या. आईला एडवणला सोडून आली. चेहरा वाऱ्यानं लाल झाला होता. भाकऱ्या टाकताना गुणगुणत होती. गाणं ओळखू आलं नाही. मी विचारलंही नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

लेख. सकाळपासून चारशे शब्द, त्यातले दोनशे गतिरोधकांवर. प्रत्यक्ष प्रवासाचा भाग अपुरा वाटला म्हणून शेवटी दीपिकाला विचारलं, गाडी कशी होती? तिनं पाहिलं. म्हणाली, हे तुमी मला विचारता?

मग सांगितलं. एडवणहून दवाखान्यात जाताना छत बंद ठेवलं होतं. चष्मा लावून परत निघाल्यावर आईच म्हणाली, उघड ते. केळव्यापर्यंत ती एकेक वस्तू मोठ्यानं सांगत होती. ती बघ खंड्या. ते बघ, त्या झाडाला किती काटक्या. त्या बाईनं पातळ उलटं नेसलंय. मग एकदम दीपिकाकडे बघत बसली. म्हणाली, तू गाडी चालवतेस ते मी ऐकलेलं, बघितलं नव्हतं. मग म्हणाली, पोरी, तुझं केस कवा पिकलं ग?

दीपिका एवढं सांगून उठली. मग म्हणाली, बाकी सीट बरी हाय.

मी तिच्याकडे पाहिलं. डाव्या कानाच्या वर, बोटभर. पांढरे आहेत. बऱ्याच दिवसांचे असावेत. मी रोज त्याच बाजूला बसतो.

हे लेखात कुठे बसवावं कळेना. 'केबिन शांत, संभाषण शक्य' असं लिहिलं. खोडलं. परत लिहिलं.

क्लचप्लेटबद्दल बोलायचं ठरवलं होतं. ती सोमवारसाठी डबे घासत होती. मी शेजारी उभा राहून झाकणं पुसली. पंचेचाळीस. क्लचप्लेटचा विषय निघाला नाही, पण पस्तिसाव्या झाकणाला मी म्हटलं, ती माझ्यामुळे गेली. ती म्हणाली, मला म्हायती हाय.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

लेख पाठवला. चौदाशे शब्द. व्हॅन परत आली. किल्ली दीपिकानं नेहमीच्या खिळ्यावर अडकवली नाही. कुठे ठेवली ते विचारलं नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

लेख आला. पान सहा, खाली. एका मंगल कार्यालयाची जाहिरात ऐनवेळी आली म्हणून धर्माजींना थोडी काटछाट करावी लागली. चार ओळी उरल्या आहेत. शेवटची ओळ: 'गाडीत दोनच माणसे मावतात, याची वाचकांनी नोंद घ्यावी.' आशय पूर्ण आला आहे.

रूपेशला दाखवला. गाडी काल सुरतला गेली, कोणीतरी घेतली. शेठनी लेख वाचला का, मी विचारलं. तो म्हणाला, काका, शेठना मराठी वाचता येत नाही.

संध्याकाळी दीपिकाला म्हटलं, मला शिकव. काय, म्हणाली. गाडी, म्हटलं. तुमाला येते ना, म्हणाली. मी म्हटलं, नाही येत.

एवढं बोलायला किती वेळ लागला ते घड्याळात पाहिलं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

पहिला धडा. एमआयडीसीतला रिकामा रस्ता, सकाळी सात. मी उजवीकडे, ती डावीकडे. लर्निंग लायसन्स येईपर्यंत आणि क्लच नवा असेपर्यंत किल्ली तिच्या पर्समध्येच राहील, असं ठरलं. बंद गाडीत क्लच दाबायचा, सोडायचा. शंभर वेळा. एकसष्टाव्याला पोटरीत गोळा आला. ती म्हणाली, पुरे आज.

आम्ही जागा बदलल्या. घरी तिनं चालवत नेलं.

प्रगती समाधानकारक. चाळीस मिनिटांत गाडी एकदाही बंद पडली नाही.