स्पीडब्रेकर आला की बाबा उतरतात

दादा,
बाबांना डायलिसिसला रिक्षाने नेतेय. खाली रिक्षावाला हॉर्न मारतोय. तुझ्या गाडीची किल्ली फ्रिजवर आहे, हात लावलेला नाही.

स्वस्तातलं ॲडजस्टेबल सस्पेन्शन बसवून तू गाडी जमिनीला टेकवलीस. दिसते झकास, मान्य. पण स्पीडब्रेकरवर खालून घासते म्हणून तू एकदा आम्हाला उतरवलंस, तेव्हापासून बाबा न सांगता उतरतात. डायलिसिसनंतर पाय लटपटत असतात, तरी स्पीडब्रेकर चालत ओलांडतात आणि पुन्हा गाडीत बसतात. मी ओरडले तर म्हणतात, "शौनकनं हौसेनं केलंय, घासायला नको." येरवड्याच्या दवाखान्यापर्यंत स्पीडब्रेकर काय कमी आहेत?

ॲडजस्टेबल म्हणजे वरही होतं ना? मग आजच गॅरेजात जाऊन वर करून आण. उंची बदलायची रिंग जाम झाली असेल तर जुन्या स्प्रिंगा बसव. मला कारणं सांगू नकोस.

परवा गाडी तू नेली होतीस, म्हणून आम्ही रिक्षाने परत आलो. दवाखान्याबाहेर स्पीडब्रेकर दिसल्यावर बाबांनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "थांबा हं, उतरतो."

ऋचा