डावा गुडघा

घोडपदेव,
गुरुवार, ४ डिसेंबर २०२५

प्रिय कालिंदीताई,

वाकून नमस्कार. तुझ्या आईचा खोकला थांबला का? तू मला फोनवर ब्लॉक केलं आहेस, म्हणून हे पत्र. शांताकाकूंकडे देते. त्या तुझ्या हातात ठेवल्याशिवाय हलायच्या नाहीत.

आधी तुला आवडेल ती बातमी. लालबागवाल्यांची पार दैना चालली आहे. कबड्डीचा मोसम सुरू होऊन तीन सामने झाले, तिन्ही हरलो. पहिल्यात मध्यंतराआधीच दोनदा अख्खा संघ बाद, दोन लोण. दुसऱ्यात शेवटच्या चढाईला आकांक्षा बोनस घ्यायला गेली आणि घसरून तिथेच बसली. राजेश सर म्हणतात, संघ नवीन आहे, वेळ लागेल. नवीन कसला? सगळ्या जुन्याच आहेत, नवीन काय ती मी. तीन सामन्यांत माझी एकही पकड नाही. हस, मला राग नाही येणार.

आपल्या चाळीतून बाहेर पडायची वाट मैदानातूनच जाते. रोज संध्याकाळी लालबागची जर्सी पिशवीत कोंबते आणि तुमच्या सरावाच्या कडेकडेने निघते. तुमच्यातलं कुणी बोलत नाही. शांताकाकू तेवढ्या गॅलरीतून विचारतात, "आज किती लोण चढवून घेणार गं?" तेवढंही बरं वाटतं.

गेल्या वर्षी अंतिम सामन्यात कर्णधार म्हणून तू मला बाहेर बसवलंस आणि मी रागाच्या भरात लालबागकडे जायच्या अर्जावर सही केली. राग आठ दिवसांत उतरला. पण सही केली की वर्षभर परत फिरता येत नाही, तुला माहीतच आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तिसऱ्या पराभवानंतर सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, "दीपिका, तू इथे आलीस तरी कशाला?" इतकी लाज वाटली, की काहीतरी उपयोगाचं बोलावं म्हणून बोलून गेले. उजव्या कोपऱ्यात शिरलीस की परतताना तू सगळा भार डाव्या गुडघ्यावर घेतेस, हे सांगितलं. पुन्हा मुरगळला तर तुझा खेळ संपला, असं डॉक्टर म्हणाले, तेही सांगितलं. त्या दिवशी तुझ्यासोबत मी एकटी होते. कुणाला सांगणार नाही, असा मैदानाची माती हातात घेऊन शब्दही मीच दिला होता. ताई, मला माझी शिसारी येते.

तेव्हापासून रविवारच्या तुमच्या-आमच्या सामन्यासाठी आमच्यातली पूर्वी रोज तुझ्यासारखी चढाई करते आणि मी तिचा डावा घोटा धरते. चाळीस वेळा. काल ती लंगडत घरी गेली. सर खूश होते.

आजाराचं सोंग केलं तर माझ्या जागी आकांक्षा उभी राहील, आणि ती किती धसमुसळी आहे ते तू पाहिलंयस. खेळले तर धरावंच लागेल. मुद्दाम सोडलं तर या मुली मला कधीच आपली म्हणणार नाहीत, आणि तुमची तर मी उरलेच नाही.

रविवारी तू उतरणारच, मला माहीत आहे. फक्त उजव्या, माझ्या कोपऱ्यात येऊ नकोस. आलीस तर मी धरेन. घोटा हाताला लागला की सोडायचा नाही, हे तू या हातांना इतकं शिकवलंयस की ते आता माझंही ऐकत नाहीत.

गुडघ्याला तेल चोळत जा.

तुझीच,
रविवारचा अर्धा तास सोडून,
दीपिका